पहिल्या भागातली भीती पाचव्या भागात का उरत नाही?

आपण विचारले आहे की, भयपट मनापासून आवडत असूनही एखाद्या चित्रपटमालिकेचा चौथा-पाचवा भाग पाहताना भीती वाटेनाशी होते, हा दोष पाहणाऱ्याचा की चित्रपटाचा. आणि तसे असेल तर मोठ्या मालिकांचे चित्रपट तिकीट काढून चित्रपटगृहात पाहावेत का. माझ्या मते दोष आपला नाही. प्रेक्षकाला काहीतरी ठाऊक नसते यावर भयपट उभा असतो, तर मालिका चालते ती प्रेक्षकाला पुष्कळ काही ठाऊक असते म्हणून. या दोन गरजा एका छताखाली फार काळ नांदत नाहीत.

जॉन कार्पेंटर यांचा १९७८ सालचा ‘हॅलोविन’ घ्या. सुमारे तीन लाख डॉलरमध्ये, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबाने किरकोळ पैशांत, तयार झालेल्या या चित्रपटात मुखवटा घातलेला मायकेल मायर्स लॉरी नावाच्या मुलीच्या मागे नेमका का लागतो, याचे समाधानकारक कारण आपल्याला मिळत नाही आणि म्हणूनच तो उद्या आपल्याही इमारतीच्या जिन्यात उभा असू शकतो असे वाटत राहते. १९८१ च्या दुसऱ्या भागात लॉरी त्याची बहीण असल्याचे उघड करण्यात आले आणि तो एका घरातल्या भानगडीपुरता उरला. पुढे २०१८ च्या चित्रपटाने मधले सगळे भाग बाजूला सारून हे नातेच रद्द केले. तो चित्रपट मला मध्यम वाटला, पण हा एक निर्णय शहाणपणाचा होता.

‘जॉज’ची कथा याहून मजेदार आहे. १९७५ च्या मूळ चित्रपटासाठी बनवलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडत असल्यामुळे स्टीव्हन स्पीलबर्ग यांना तो बराच वेळ दाखवताच आला नाही, आणि जॉन विल्यम्स यांच्या संगीतातल्या दोन सुरांवर पुष्कळसे काम भागवावे लागले. पाण्याखाली काहीतरी आहे एवढेच कळत राहिल्याने भीती कितीतरी वाढली. १९८७ च्या चौथ्या भागात मात्र शार्क एका विशिष्ट कुटुंबाच्या मागावर अमेरिकेच्या किनाऱ्यावरून थेट बहामा बेटांपर्यंत पोहोचतो. माशाला माणसांची नातीगोती कळू लागली, तर प्रेक्षकाने हसू नये तर काय करावे?

तरीही असे भाग निघत राहतात, कारण भयपटाइतका स्वस्त धंदा चित्रपटसृष्टीत दुसरा नाही. त्याला मोठा नट लागत नाही, परदेशी चित्रीकरण लागत नाही. ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ दिग्दर्शकाने स्वतःच्या घरात सुमारे १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केला आणि जगभरात त्याने १९ कोटी डॉलरच्या वर कमाई केली. एवढा नफा पाहिल्यावर कोणता निर्माता एका भागावर थांबेल?

मात्र माहिती दिली की भीती गेली, इतका सरळ नियमही मी मांडणार नाही. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये हस्तर या लोभी, शापित देवाची कहाणी अगदी सुरुवातीलाच सांगून टाकली आहे. त्याच्याकडे सोने आहे आणि त्याला पिठाची भूक आहे, हे कळल्यावर पिठाचे रिंगण, कणकेची बाहुली, कमरेचा पंचा या साध्या वस्तूंकडे आपण धास्तावून पाहू लागतो. आधी सांगितलेला नियम भीती वाढवतो, कारण तो कधी मोडेल याची आपण वाट पाहत बसतो. मालिकेच्या तिसऱ्या भागात सांगितलेले भुताचे बालपण मात्र भीती घालवते, कारण तेव्हा आपल्याला त्याची कीव येऊ लागते. २०१८ मध्ये ‘तुंबाड’ला मिळायला हवा होता तेवढा प्रेक्षक मिळाला नाही, पण सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक चालला. त्याच सुमारास दुसऱ्या भागाची घोषणा झाली आणि मला आनंदापेक्षा काळजीच अधिक वाटली.

आपल्याकडच्या ‘स्त्री’, ‘भेडिया’ आणि ‘मुंज्या’ या एकमेकांत गुंफलेल्या चित्रपटांविषयी थोडक्यात सांगायचे तर ते मी भयपट मानत नाही. ते भुते असलेले विनोदी चित्रपट आहेत आणि त्या मापाने उत्तम आहेत. विनोदाला ओळखीचे पात्र परत आलेले चालते, म्हणून त्यांची मालिका होऊ शकते. तात्या विंचूही असाच टिकला. १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ पाहून रात्री दिवा चालू ठेवणारी मुले आता आपल्या मुलांना तो बाहुला हसत हसत दाखवतात. विनोदाचा आधार न घेता दिवसाढवळ्या घाबरवणारा मराठी चित्रपट हवा असेल तर विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ पाहावा; उसाच्या शेतात वाट हरवणे किती भयंकर असते, हे ज्याने ऊस नुसता बसच्या खिडकीतून पाहिला आहे त्यालाही त्यात कळते.

आता मोठ्या मालिकांकडे येतो. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून २०१९ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’पर्यंत मार्व्हल कंपनीचे, एकमेकांत गुंफलेल्या सुपरहिरोंचे २२ चित्रपट झाले आणि शेवटचा तर तीन तासांचा होता. त्याआधीच्या भागात अर्धे जग धूळ होऊन नाहीसे झाले, तरी मला धसका बसला नाही, कारण नाहीशा झालेल्यांपैकी काहींचे पुढचे चित्रपट येणार हे सर्वांना माहीत होते. परंतु ‘एंडगेम’ मी ठाण्यात भरलेल्या चित्रपटगृहात पाहिला आणि कॅप्टन अमेरिका हा नायक थॉरचा, सहसा दुसऱ्या कोणाला न उचलणारा हातोडा उचलतो त्या क्षणी झालेला शिट्ट्या-टाळ्यांचा गजर घरच्या टीव्हीवर कधीच मिळाला नसता. अनेक वर्षांची ओळख शेकडो अनोळखी माणसांनी एकाच वेळी साजरी करणे, हे मालिकापटाचे खरे सुख आहे आणि त्यासाठी घोडबंदर रस्त्यावरची कोंडी सोसायला माझी हरकत नसते.

भयपटाला मात्र ही गर्दी मानवेलच असे नाही. ठाण्यातल्या मॉलमध्ये शुक्रवार-शनिवारच्या शेवटच्या खेळाला महाविद्यालयीन मुलांची टोळकी येतात, स्वतःची भीती लपवण्यासाठी ती मोठमोठ्याने विनोद करतात आणि नेमक्या शांत प्रसंगात कोणाचा तरी मोबाईल उजळतो. शांतता हेच ज्या चित्रपटाचे शस्त्र आहे, त्याचे अशा वेळी मातेरे होते. म्हणून नवा, स्वतंत्र भयपट आपण पहिल्या आठवड्यानंतर, आठवड्यातल्या एखाद्या दुपारी, रिकाम्या चित्रपटगृहात पाहावा. आवाजाची यंत्रणा घरी मिळत नाही, माणसे मात्र तेव्हा कमी असतात. मालिकेतला चौथा-पाचवा भाग पाहायचाच असेल तर शनिवारी रात्री त्याच टोळक्यांमध्ये बसून पाहावा. तिथे भीती वाटणार नाही, पण त्या मुलांचे विनोद बहुधा पटकथेपेक्षा बरे असतात.