महागडी व्हीटेड बर्बन घ्यावी का?

छापील किमतीत मिळाली तर जरूर घ्या. दुप्पट-तिप्पट मोजून मात्र नाही.

बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की. व्हीटेड म्हणजे तिच्यात मक्यानंतरचं दुसरं धान्य राय नसून गहू. मका किमान ५१ टक्के हवाच, तो कायदाच आहे. गव्हामुळे रायचा मिरमिरीत तिखटपणा जातो, चव मऊ, गोडसर लागते. पण हा गुण मेकर्स मार्क किंवा लार्सनीसारख्या साध्या बाटलीतही असतो.

वेलर आणि पॅपी व्हॅन विंकल या महागड्या व्हीटेड बर्बन, दोन्ही केंटकीच्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीतच बनतात. पॅपी जास्त वर्षं पिंपात मुरते, हे खरं. पण भाव भडकतो तो मुख्यतः टंचाई आणि नावामुळे. शिवाय फार मुरलेली बर्बन कधीकधी नुसती लाकडाळ लागते. आधी बारमध्ये एक पेग चाखून बघा.