आधी वाटणी, मग व्याख्या

प्रश्न : मी नववीला नागरिकशास्त्र शिकवते. शिक्षणाचं धोरण, समानता, शाळांचं नियोजन हा भाग आला की मुलं व्याख्या वहीत उतरवून घेतात आणि जांभया देतात. काहीही विचारलं तरी 'सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे' एवढंच, पुढे गाडी सरकत नाही. काय करू?

उत्तर : ताई, व्याख्या शेवटी द्या हो, नाही दिल्यात तरी काही बिघडत नाही. पहिल्या तासाला फळ्यावर फक्त आकडे लिहा. तीन शाळा, एकीत 220 मुलं, दुसरीत 120, तिसरी डोंगरावरची तिच्यात 20, आणि शिक्षक मोजून 12. गट पाडा आणि म्हणा, करा वाटणी.

मुलं लगेच भागाकार करतात, 30 मुलांमागे 1 शिक्षक, म्हणजे 7, 4 आणि 1, झालं सारखं! मग हळूच सांगायचं की डोंगरावरच्या त्या 20 मुलांत पहिली ते पाचवी सगळे वर्ग आहेत आणि आज एकटे गुरुजी तापाने झोपलेत. शाळा बंद. आता दुसरा शिक्षक द्यायचा तर काढायचा कुणाचा? मोठ्या शाळेतला काढला तर तिथे 6 जणांत 220, म्हणजे वर्गात साधारण 37 मुलं, मधल्या शाळेतला काढला तर तिथे थेट 40. इथून जी भांडणं सुरू होतात ना, तोच तुमचा धडा. मधे पडू नका, खरंच. कुणीतरी हमखास म्हणणार की छोटी शाळा बंदच करा आणि मुलांना खाली आणा, तेव्हा फक्त एवढंच विचारा की रोज तेवढं चालून कोण येईल आणि कोण घरी बसेल? पाच-सहा वर्षांची पोरं आणि मोठ्या मुली, ही नावं मुलंच सांगतात. मग बस देऊ म्हणतात, बसचे पैसे कशातून, आणि परत पहिल्यापासून.

'37 मुलं झाली तर काय एवढं' असंही कुणी म्हणेल. त्याला अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा प्रयोग सांगा. 1985 पासून चार वर्षं तिथे लहान मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वर्गांत विभागलं, काही वर्गांत 13 ते 17 मुलं, काहींत 22 ते 25. छोट्या वर्गातली मुलं वाचन-गणितात पुढे गेली आणि कृष्णवर्णीय मुलांना तर फायदा जास्तच झाला. म्हणजे सारखाच शिक्षक सगळ्यांना सारखा पुरत नाही.

नियोजनासाठी मला दोन देश आवडतात. केनियाने 2003 मध्ये प्राथमिक शाळेची फी काढून टाकली आणि दहा लाखांहून जास्त मुलं एकदम वाढली, पुढच्या वर्षी तर किमानी मारुगे नावाचे 84 वर्षांचे आजोबा गणवेश घालून पहिलीत बसले (हे सांगाच, वर्ग जागा होतो). पण शिक्षक आणि खोल्या त्या वेगाने थोड्याच वाढतात? एकेका वर्गात मुलं कोंबली गेली. फिनलंडने उलट सावकाश केलं. सगळ्या मुलांसाठी एकाच प्रकारची शाळा असा कायदा 1968 मध्ये झाला आणि अंमल 1972 ला सुरू झाला तो उत्तरेच्या विरळ वस्तीच्या लॅपलंडपासून, राजधानीच्या भागाचा नंबर शेवटी, 1977 ला. मुलांना विचारा, मंत्री तुम्ही असता तर सुरुवात कुठून केली असती आणि का. माझं मत विचाराल तर फी काढायला थांबणं चूक आहे, पण तुमचं मत वर्गात आधी सांगू नका, नाहीतर सगळे तेच लिहितात.

परीक्षेला व्याख्या विचारूच नका. ज्या शाळेतला शिक्षक त्यांच्या गटाने काढला त्या शाळेतल्या एखाद्या मुलाच्या आईला पत्र लिहायला सांगा, निर्णय का घेतला ते. आणि मार्क देताना, तोटा कुणाचा झाला हे पत्रात सरळ कबूल केलंय का तेवढं बघा.