शिसपेन्सिलीपासून सहारापर्यंत : भूविज्ञानाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी पदवीला भूविज्ञान घ्यायचं म्हणते. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, की दगडधोंड्यांचा अभ्यास करून रोजच्या जगण्यात काय उपयोग? तिला काय सांगू?

उत्तर : तिला काही सांगू नका. तिच्या टेबलावरची एक वस्तू घरातल्यांसमोर ठेवा आणि विचारा, ही कोणत्या खडकातून आली? तीस वर्षं मी हा विषय शिकवला. पहिल्या तासाला मी फळ्यावर काहीच लिहीत नसे, हा एकच प्रश्न विचारत असे.

बहुतेक मुलं पेन्सिल पुढे करायची. आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं मुळीच नाही. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या खोऱ्यात एक काळं, मऊ, हाताला लागणारं खनिज सापडलं आणि लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला. १७७९ साली कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञानं ते कार्बनचं रूप असल्याचं दाखवलं, पण तोवर नाव रुळून गेलं होतं. हे ग्रॅफाइट. त्याचे थर एकमेकांना इतके सैल धरून असतात, की कागदावर घासताच सुटतात. लिहिताना आपण खरं तर एका खनिजाचे पापुद्रे कागदावर पसरत जातो. जगातलं बरंचसं ग्रॅफाइट गाळात पुरल्या गेलेल्या प्राचीन जीवांच्या कार्बनपासून, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं आणि दाबानं तयार झालेलं आहे. १७९५ साली निकोलस-जाक कॉन्ते यांनी त्यात चिकणमाती मिसळून भाजायची पद्धत काढली. माती जास्त घातली की पेन्सिल कडक होते आणि रेघ फिकट उमटते. म्हणजे पेन्सिल विकत घेताना आपण खनिजांचं प्रमाणच निवडत असतो.

मनगटावरच्या घड्याळात गारगोटीच्या जातीचा एक बारीक स्फटिक असतो. त्याला वीज दिली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत गेलात, की बरोबर एक उरतो आणि सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. स्फटिकावरचा दाब आणि वीज यांचं हे नातं झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० साली शोधलं.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते लोखंड. फार जुन्या काळी हवेत मोकळा ऑक्सिजन जवळपास नव्हता आणि समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेलं होतं. मग सूक्ष्मजीव सूर्यप्रकाशावर जगू लागले, त्यांनी सोडलेला ऑक्सिजन त्या लोहाला मिळाला आणि समुद्र अक्षरशः गंजला. तो गंज थराथरानं तळाशी बसला. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे असे पट्टेदार खडक ऑस्ट्रेलियातल्या हॅमर्सली भागात आजही खणले जातात, आणि जगातल्या लोहखनिजाचा मोठा वाटा अशाच खडकांतून येतो. दाराच्या कडीला हात लावताना मला हा समुद्र आठवतो.

राहिला उपयोग. बोगदा, धरण, खाण, पाणी, दरड, भूकंप, यातलं एकही काम खडक वाचता येणाऱ्या माणसाशिवाय धड होत नाही. मुलीला जाऊ द्या.

प्रश्न : 'काळ्या दगडावरची रेघ' खरंच कायमची असते का?

उत्तर : माणसाच्या आयुष्याच्या मापानं, हो. खडकाच्या मापानं, नाही. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. ते काळ्या खडकातली खनिजं हळूहळू कुजवतं. मी हातोडीनं असा दगड फोडते, तेव्हा बाहेर तांबूस-पिवळी साल दिसते आणि आत ताजा काळा गाभा. सालीची जाडी म्हणजे पावसानं तिथवर केलेलं काम.

या कुजण्यानं हवा सौम्य राहते. खडकातला कॅल्शियम आणि पावसातला कार्बन नद्यांतून समुद्रात जातो, तिथले जीव त्याची कवचं करतात, कवचांचा चुनखडक होतो आणि कार्बन लाखो वर्षं दगडात बंद राहतो. ज्वालामुखी तो थोडा थोडा परत हवेत सोडतात. पृथ्वीचं तापमान दीर्घकाळ जगण्याजोगं राहिलं, त्यामागे ही देवघेव आहे. सिमेंट करताना आपण नेमकं उलटं करतो. चुनखडक आणि माती सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो आणि दगडातला कार्बन एका दिवसात मोकळा करतो. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्क्यांच्या घरात आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वायू इंधनाचा नसून त्या चुनखडकातलाच असतो. भिंत बांधू नका असं मी म्हणणार नाही. पण धडधाकट इमारत पाडून नवी उभारताना हा हिशेब कुणी मांडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : भूकंपात एक इमारत कोसळते आणि शेजारची उभी राहते. हे नशीब की बांधकाम?

उत्तर : बांधकाम तर आहेच, पण बांधकामाइतकंच महत्त्व खालच्या जमिनीला आहे. १९ सप्टेंबर १९८५ला मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ ८ तीव्रतेचा भूकंप झाला. मेक्सिको सिटी तिथून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त लांब. एवढ्या अंतरावर धक्का मंदावायला हवा होता, पण हजारो माणसं शहरातच दगावली. कारण शहराचा मधला भाग एका जुन्या तलावाच्या तळावर वसला आहे. तिथली ओली, मऊ चिकणमाती दर दोन सेकंदांना एक झोका अशी झुलू लागली आणि धक्का अनेक पटींनी वाढला.

झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकललं की तो उंच जातो, तसंच इमारतींचं झालं. साधारण ६ ते १५ मजल्यांच्या इमारतींची स्वतःची लय जमिनीच्या लयीशी जुळली आणि सर्वांत जास्त हानी त्यांचीच झाली. बसकी घरं बरीचशी वाचली. ४४ मजल्यांचा टोरे लॅटिनोअमेरिकाना हा मनोराही उभा राहिला. त्याच शहरात खडकाळ टेकड्यांवर राहणाऱ्यांना धक्का कितीतरी सौम्य जाणवला. 'पायाखालची वाळू सरकली' असं आपण सहज म्हणून जातो. घर घेताना मात्र पायाखाली वाळू आहे, गाळ आहे की कातळ, हे विचारणारा माणूस मला क्वचितच भेटला. पाण्याचा दाब आणि प्रकाश किती, हे विचारता ना? मग मातीच्या चाचणीचा अहवालही मागा.

प्रश्न : शेजाऱ्याच्या बोअरला भरपूर पाणी, आमची तीस फुटांवरची बोअर कोरडी. असं का?

उत्तर : जमिनीखाली सगळीकडे पाण्याचं तळं पसरलेलं असतं, हा समज आधी सोडा. कठीण खडकात पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत. शेजाऱ्याच्या बोअरला भेग लागली, तुमच्या बोअरला लागली नाही.

हे मी अनुभवानं सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी दाखवलेली एक जागा कोरडी गेली. जमिनीवर भेग स्पष्ट दिसत होती, म्हणून मी बरोबर तिच्यावर खूण केली. पण ती भेग तिरपी होती. खाली जाता जाता ती बाजूला सरकली आणि बोअर तिला चुकवून सरळ कातळात उतरली. त्या कुटुंबाचे पैसे गेले ते माझ्या चुकीनं. त्यानंतर भेगेचा उतार मोजल्याशिवाय आणि जमिनीचा विद्युतरोध, म्हणजे ती विजेला किती अडवते, हे तपासल्याशिवाय मी कुणालाही जागा दाखवली नाही. तुम्हीही दुसरी बोअर घेण्याआधी हे दोन्ही करून घ्या.

प्रश्न : दूर कुठल्या तरी वाळवंटातल्या किंवा समुद्रतळाच्या गोष्टींनी आपल्याला काय फरक पडतो?

उत्तर : आफ्रिकेत चाड देशात बोडेले नावाचा खोलगट प्रदेश आहे. कधीकाळी तिथे अफाट तलाव होता. तो आटला आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांचा पांढरा, हलका गाळ मागे राहिला. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या धूळ-उगमांपैकी एक जागा आहे. सहारातून उडालेली धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलावर पडते. उपग्रहाच्या नोंदींवरून २०१५ साली हिशेब मांडला गेला : वर्षाला सरासरी पावणेतीन कोटी टन धूळ, आणि तिच्यासोबत सुमारे २२,००० टन फॉस्फरस. पावसानं आणि पुरानं ॲमेझॉनच्या मातीतून जवळपास तेवढाच फॉस्फरस वाहून जातो. जगातलं सर्वांत मोठं वर्षावन काही अंशी वाळवंटाच्या धुळीवर पोसलं जातं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

दुसरं उदाहरण जास्त अस्वस्थ करणारं आहे. सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागात समुद्र आत शिरलेला होता. त्याच्या तळाशी सूक्ष्म कवचांचा खडूसारखा थर साचला. त्या थरावर पुढे काळी, सुपीक माती तयार झाली. तिच्यावर कापसाचे मळे उभे राहिले आणि मळ्यांवर राबायला गुलाम केलेली आफ्रिकी माणसं आणली गेली. त्यांचे वंशज आजही अलाबामातल्या त्या पट्ट्यात मोठ्या संख्येनं राहतात. निवडणुकीच्या निकालाचा नकाशा पाहिला, तर त्या प्राचीन समुद्राच्या थराची कमान शेजारच्या भागाहून वेगळ्या पडलेल्या मतांच्या रंगात दिसते. गुलामगिरी माणसांनी केली, खडकानं नाही. पण ती कुठे पाय रोवून बसली, हे खडकानं ठरवलं.

प्रश्न : मी दहा वर्षांचा आहे. मी दगड गोळा करतो. सगळे म्हणतात, टाकून दे. काय करू?

उत्तर : टाकू नकोस, पण सगळे ठेवूही नकोस. एकसारख्या दिसणाऱ्यांतला सर्वांत ताजा, कमी झिजलेला एक ठेव. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका लावून त्यावर क्रमांक लिही. वहीत त्या क्रमांकापुढे लिही : कुठे सापडला, कधी सापडला, नदीत होता की डोंगराच्या कड्यात, सुटा होता की मोठ्या खडकाचा भाग होता. नख घासून ओरखडा उठतो का, तेही बघ. भिंग मिळालं तर डोळ्याला अगदी टेकवून धर आणि दगड जवळ आण. भिंग दगडापाशी नेऊ नकोस, ही चूक सगळेच करतात. मग वहीतले पहिले पाच दगड मला लिहून पाठव. पुढच्या अंकात आपण त्यांची नावं शोधू.