बाबांचं डायलिसिस, वहिनी आणि आपण लांबचे

तुम्ही न्यू जर्सीत, धाकटा भाऊ मेलबर्नला, बाबा नाशिकला दादा-वहिनींजवळ. आम्ही दोघं रोज फोन करतो तरी वहिनी कातावतात, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, त्या फोनमुळेच कातावत असतील. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला सुमारे चार तास डायलिसिस, वर जाणं-येणं. दमून घरी आल्यावर तोच हालहवाल दोनदा सांगायचा!

वहिनींनी केंद्रातल्या नोंदींचा फोटो ग्रुपवर टाकावा, एवढंच. डायलिसिसच्या आधीचं-नंतरचं वजन, बीपी, बदललेली औषधं हे तक्त्यात उतरवणं तुमचं काम. विम्याचे कागद आणि औषधांची ऑर्डर भावाकडे द्या. बोलणं रविवारी नाशिकच्या संध्याकाळी पाचला ठेवा. जुलैत तेव्हा तुमच्याकडे सकाळचे साडेसात आणि मेलबर्नला रात्रीचे साडेनऊ होतात. हिवाळ्यात तुम्हाला तासभर आधी उठावं लागेल. तो त्रास तुम्ही घ्या, वेळ वहिनींच्या सोयीचीच राहू दे.

फ्रिजवर ठळक अक्षरांत एक कागद लावायला सांगा. फिश्चुला (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) असेल तर त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, डायलिसिसखेरीज सुई नाही. अंगदुखीवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ब्रुफेन नाही. दिवसाला पाणी किती, तो आकडा. आणि शहाळं नाही. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा हमखास शहाळं आणतो, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनी निकामी झालेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं. पाहुण्यांना नाही म्हणताना वहिनींना अवघडायला होतं. नातेवाइकांना तुम्हीच आधी फोन करून सांगा.

पैशांचं स्पष्ट बोला. मदतनीस बाईंचा पगार आणि रिक्षाचा खर्च दर महिन्याच्या एक तारखेला वहिनींच्या खात्यात जमा करा, हिशेब मागू नका. रात्री-अपरात्री दवाखान्यात हलवायचं की नाही, हे बाबा आणि दादा-वहिनी ठरवतील. दुसऱ्या दिवशी त्यावरून उलटतपासणी नको.

पुढच्या सुट्टीत लग्नं आणि खरेदी बाजूला ठेवून दोन आठवडे बाबांना केंद्रात तुम्हीच न्या. त्याआधी दोन-तीन खेपा वहिनींबरोबर जाऊन सगळं समजून घ्या. मग दादा-वहिनींना आठ दिवस कुठे जायचंय ते विचारा आणि तिकिटं काढून द्या.