विचारा, सांगतो : कोणी पाहिलेच नाही तर?

प्रश्न : दोन फटींच्या प्रयोगात इलेक्ट्रॉनकडे कोणी पाहिले की व्यतिकरणाचे पट्टे (दोन्ही फटींतून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळून पडद्यावर उमटणारे उजळ-काळे पट्टे) जातात, असे शिकवतात. प्रयोगशाळेत माणूसच नसेल तर? पाहणाऱ्याच्या मनाचा कणावर परिणाम होतो का?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : मनाचा काहीही संबंध नाही. मी शिकवत होतो तेव्हाही हा प्रश्न यायचा, आणि मी इलेक्ट्रॉन सोडून थेट व्हिएन्नाला जायचो.

तिथे आंटोन त्साइलिंगर, मार्कुस आर्न्ट हे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये सी-60 या साठ कार्बन अणूंच्या रेणूचे व्यतिकरण दाखवले. पुढे सी-70 हा सत्तर कार्बन अणूंचा रेणू वापरून 2003 मध्ये त्यांनी निर्वात पात्रात मुद्दाम थोडा वायू सोडला. थोडा म्हणजे किती? हवेच्या दाबाच्या अब्जांशाच्या घरात. तेवढ्यानेही पट्टे पुसट होत गेले, आणि दाब वाढेल तसे किती पुसट व्हावेत याचे आधी मांडलेले गणित जुळले. वायूचा रेणू सी-70 ला धडकून उडाला की तो कुठे धडकला याची खूण घेऊन जातो. ती खूण कोणी वाचली नाही तरी व्यतिकरण संपते.

मला त्याहून आवडतो तो 2004 चा प्रयोग. त्यात बाहेरून काही सोडलेच नाही. लेसरने सी-70 तापवला, बस. साधारण 1000 केल्विनपर्यंत पट्टे शाबूत राहिले. पुढे ते फिके होत गेले आणि 3000 च्या आसपास नाहीसे झाले. तापलेला रेणू स्वतःच प्रकाश फेकतो. कमी तापमानाला फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजकेच आणि लांब तरंगलांबीचे असतात. रेणूच्या दोन वाटांमधले अंतर साधारण एक मायक्रोमीटर, त्यामुळे अशा फोटॉनवरून वाट ओळखता येत नाही. रेणू फार तापला की फोटॉनांची संख्या वाढते, तरंगलांबी त्या अंतराइतकी होते आणि वाट उघड होते. म्हणजे उष्णता असणे घातक नाही, वाटेची माहिती बाहेर पडणे घातक आहे. हा फरक नीट समजून घ्या, परीक्षेत विचारला नाही तरी.

वाटेची माहिती अशी बाहेर पडून व्यतिकरण मिटण्याला डीकोहेरन्स म्हणतात. मोठ्या वस्तूंचे व्यतिकरण आपल्याला दिसत नाही, त्याचे एक मोठे कारण हेच: हवा आणि उजेड त्यांना क्षणभरही एकटे सोडत नाहीत. तरी व्हिएन्नाच्याच गटाने 2019 मध्ये सुमारे 2000 अणूंच्या रेणूंचे पट्टे मिळवले, अर्थात कडक निर्वातात.