चाळीस ट्रिक्स येतात, पण साखरपुड्यात हात थरथरला

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: सहा महिने व्हिडिओ बघून पत्त्यांच्या चाळीसेक ट्रिक्स शिकलास, आरशासमोर सगळ्या जमतात. आतेबहिणीच्या साखरपुड्यात मात्र दुसऱ्याच ट्रिकला हात थरथरला, एकत्र उचललेले दोन पत्ते सरकून दिसले, आणि मावसभावाने "अरे दोन आहेत, दोन!" म्हणत कॅटच हिसकावला. आता विचारतोयस की पुढे 'पास' (काटलेला कॅट गुपचूप पुन्हा होता तसा करायची हातचलाखी) शिकू, की गिमिकचे, म्हणजे आतच करामत केलेले पत्ते मागवू.

दोन्ही नको. निदान वर्षभर तरी.

मी दिवसा बँकेत आणि संध्याकाळी पत्ते, असं सत्तावीस वर्षं करतोय. माझाही पहिला कार्यक्रम असाच आपटला होता, त्यावर खाली येतो. आधी मुद्द्याचं. बघणारा माणूस दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना जे सांगतो, ती ट्रिक. "मी स्वतः पत्ते पिसले, त्याने हातसुद्धा लावला नाही, तरी माझाच पत्ता निघाला" असं त्याने सांगितलं, तर जमली. "हात फार सफाईदार आहे हो पोराचा" असं सांगितलं, तर समज की त्याला काहीतरी दिसलं, फक्त नक्की काय ते कळलं नाही. तू सहा महिने हातांवर मेहनत घेतलीस. समोरच्याच्या आठवणीवर अजून घेतलेली नाहीस.

उदाहरण घेऊ. खुणेचा पत्ता तुला येत असणारच. प्रत्येक प्राथमिक पुस्तकात तो असतो, म्हणून उघड लिहायला हरकत नाही. कॅट सारखा करता करता तळाचा पत्ता बघून ठेवायचा. समजा चौकट सत्ती. समोरच्याने एक पत्ता काढला, बघितला, कॅटवर ठेवला आणि कॅट काटला. आता चौकट सत्ती त्याच्या पत्त्याच्या डोक्यावर येऊन बसली. पुढे कितीही वेळा काटलं तरी जोडी सुटत नाही, कारण काटल्याने पत्त्यांचा क्रम फिरतो, मोडत नाही. नेमकं त्या दोघांच्या मधेच काटलं गेलं, तर सत्ती तळाला जाते आणि त्याचा पत्ता सगळ्यात वर येतो, तेही बघताक्षणी कळतं.

तू हे कसं करतोस ते न बघता सांगतो. काटून झालं रे झालं की कॅट उचलतोस, पत्ते स्वतःकडे फिरवतोस, भरभर चाळतोस आणि एक बाहेर काढून विचारतोस, "हाच का?" लोक म्हणतात, शोधून काढला. बरोबरच आहे, तू शोधूनच काढलास.

आता असं करून बघ. कॅट टेबलावर ठेव. त्यालाच काटू दे. मग शेजारच्या काकूंना सांग, तुम्हीपण काटा. पुन्हा त्याला. तुझे हात मांडीवर. मग घाई न करता विचार, "पत्ता नीट लक्षात आहे ना?" तो हो म्हणेल. "म्हणजे पत्ता तुमच्या मनात, आणि कॅट तुम्ही आणि काकूंनी मिळून मिसळलात." 'काटला' नाही म्हणायचं, 'मिसळला' म्हणायचं. हे वाक्य मी शेकडो वेळा वापरलं असेल आणि आजवर एकानेही दुरुस्त केलेलं नाही. दुसऱ्या दिवशी हाच माणूस छातीठोकपणे सांगतो की पत्ते मी पिसले होते. त्यानंतर तू कॅट उचलून शोधलंस तरी चालतं, फक्त भरभर चाळू नकोस. एकेक पत्ता सुलटा करून टेबलावर टाकत जा, त्याच्या चेहऱ्याकडे बघत. सत्ती पडली की पुढचा त्याचा. तो पत्ता पालथाच बाहेर काढ आणि त्यालाच उलटायला लाव.

(ह्याचा एक पाजी प्रकार आहे. त्याचा पत्ता मुद्दाम मागे टाकून पुढे जायचं आणि शंभर रुपयांची पैज लावायची, "आता जो पत्ता उलटीन तो तुमचा!" काका पैज घेतात आणि तू टेबलावरचा पडलेला पत्ता उलटतोस. हशा दणदणीत होतो. पण काका रात्रभर तुझ्यावर डूख धरून बसतात आणि पुढच्या प्रत्येक ट्रिकला खोडा घालतात. मी हे सोडलं.)

पत्ते किती मिसळले गेले याचा लोकांना मुळी अंदाजच नसतो, आणि ही थाप नाही, गणित आहे. पर्सी डायकोनिस नावाचा गणिती चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या जादूगाराबरोबर हिंडायला लागला होता. पुढे त्याने आणि डेव्ह बेयरने १९९२ मध्ये दाखवून दिलं, की कॅटचे दोन भाग करून एकमेकांत फर्रकन सोडत पिसलं, तर ५२ पत्ते बऱ्यापैकी मिसळायला साधारण सात खेपा लागतात. आपल्याकडे रमीच्या डावाला कोण सात वेळा पिसतं? दोनदा केलं की वाटायला सुरुवात.

आता तुझं खरं दुखणं, डबल लिफ्ट. वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटायचे. तुझे पत्ते सरकले ते थरथरीमुळे सरकले असं तू म्हणतोस. मला वाटतं, दोन पत्ते वेगळे करायचं काम तू ऐन वेळी, सगळ्यांचे डोळे हातावर असताना करत होतास. कोपऱ्यावर अंगठ्याने चाचपून एक, दोन मोजणं, आणि तेही मान खाली घालून. तिथे थरथर नसती तरी पकडला गेला असतास.

घरी असं कर. आधी पन्नास वेळा एकच पत्ता उलट. खराखुरा एक. कसा उलटतोस ते मोबाईलवर टिपून घे: कुठल्या बोटांनी धरतोस, कॅटपासून किती वर नेतोस, ठेवताना आवाज होतो का, डोळे कुठे असतात. आता दोन पत्ते तस्सेच उलट. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. दोन पत्ते उलटायची एक डौलदार तऱ्हा व्हिडिओतून उचलतात, आणि एक पत्ता उलटायची वेळ आली की तो वेगळ्याच पद्धतीने उलटतात. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. आणि "हा बघा, एकच पत्ता" किंवा "हा साधाच कॅट आहे" असलं काही तोंडातून काढू नकोस. तोवर कुणाच्या मनातही नव्हतं!

राहिली गोष्ट दोन पत्त्यांखाली करंगळीने फट कधी धरायची याची. ती धरायची लोक हसत असताना. माझं ठरलेलं वाक्य सांगतो. मी कॅट हातात घेऊन विचारतो, "तुमच्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत गुलामचोर खेळायचे का? मग नेहमी चोर कोण व्हायचं?" बस. अख्खं घर एकाच माणसाकडे बोट दाखवतं, तो माणूस "खोटं आहे, खोटं आहे" म्हणून ओरडतो, जुनी भांडणं निघतात. त्या चार-पाच सेकंदांत माझ्या हाताकडे बघणारं पृथ्वीतलावर कुणी नसतं. फट धरून होते. मग मी श्वास घेतो आणि ट्रिक 'सुरू' करतो. लोकांच्या लेखी सुरू, माझं काम तोवर संपलेलं. वाट्टेल तेवढा हात थरथरू दे, लपवायला काही उरलेलंच नाही.

म्हणून बोलण्याची संहिता लिहून काढ. मराठीत, तू घरी बोलतोस तशी. परदेशी व्हिडिओतलं बोलणं उचलून "कोणतंही एक कार्ड पिक करा" म्हणालास की समोरचा माणूस लगेच परीक्षक होतो. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर म्हण. आणि पत्ता एकट्यालाच बघू देऊ नकोस. एका लग्नघरी मी आजोबांना पत्ता दिला, पंधरा मिनिटं वातावरण तापवलं आणि शेवटी म्हटलं, "सांगा तुमचा पत्ता." आजोबा विचारात पडले. "काळा होता... बहुतेक." ट्रिक तिथेच वारली. तेव्हापासून निवडलेला पत्ता मागच्या दोघा-तिघांना दाखवायला लावतो.

"पुन्हा कर" म्हणाले तर करायची का? नाही. पुन्हा बघताना कुठे बघायचं हे त्यांना कळलेलं असतं. यावर हूडिनीचा किस्सा सांगतात. त्याची फुशारकी होती, की कुठलीही युक्ती तीनदा दाखवा, कशी केली ते सांगतो. हा तोच हूडिनी, जो सुटकेच्या खेळांआधी स्वतःला 'पत्त्यांचा राजा' म्हणवून घ्यायचा. १९२२ मध्ये शिकागोत व्हर्ननने हूडिनीच्याच आद्याक्षरांची खूण केलेला पत्ता वरून दुसरा ठेवला, आणि तो पुन्हा सगळ्यात वर आला. पुन्हा ठेवला, पुन्हा वर. तीनाच्या पुढे कितीतरी वेळा दाखवूनही हूडिनीला सांगता आलं नाही. हा किस्सा ऐकून पोरं उलटा धडा घेतात, की परत परत दाखवावं. अरे, तो व्हर्नन होता! हातांची प्रत्येक हालचाल साधी, रोजच्यासारखी दिसावी या ध्यासापायी त्याने जन्म घातला.

हात लहान आहेत असंही लिहिलंयस. अर्जेंटिनाचा रेने लावांद नवव्या वर्षी अपघातात उजवा हात गमावून बसला. उरलेल्या एका डाव्या हाताने त्याने आयुष्यभर पत्त्यांची जादू केली, तीही मुद्दाम सावकाश. त्याचं काम मिळालं तर बघ. त्याचा वेग बघितलास तर तुझं तुलाच कळेल की तू किती धावतोस.

माझ्या आपटण्याबद्दल. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मला स्टेज दिलं. दोनेकशे लोक, समोर लाउडस्पीकर, आणि मी हातात ६३ बाय ८८ मिलिमीटरचा पत्ता धरून उभा. दुसऱ्या रांगेनंतर कुणाला काही दिसेना. एक पोरगं मागून ओरडलं, "काका, बदाम आहे का चौकट?" पुढची वीस मिनिटं आठवत नाहीत, आठवायचीही नाहीत. महाराष्ट्रात जादू म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर स्टेजवरचा खेळ येतो. पुण्याच्या रघुवीरांच्या घरात तर तीन पिढ्या तो चालला. दोर, रिंगा, पेट्या, भरजरी कपडे. टेबलाभोवती सहा माणसं बसवून करायची जादू आपल्याकडे फारशी कुणी पाहिलेली नसते, म्हणून मंडळवाले तुला पत्त्यांसकट स्टेजवर ढकलणार. सरळ नाही म्हण, किंवा मोठ्या आकाराचे पत्ते आणि एक दोर घेऊन जा. पत्त्यांची जागा म्हणजे जेवणं झाल्यावरची सतरंजी.

सामानाचं पटकन. कागदी पत्ते घे, पाठीला पांढरी किनार असलेले, पोकर आकाराचे. पूर्ण प्लॅस्टिकचे नकोत, ते बोटांखालून निसटतात. महागड्या सोनेरी कॅटने काही होत नाही, उलट लोकांना तो कॅटच जादूचा वाटतो. जत्रेत 'जादूचा कॅट' म्हणून मिळतो तो एकदा घेऊन बघ, मजा येईल, पण तो कुणाच्या हातात देता येत नाही, आणि तुला तर पत्ते लोकांच्या हातात द्यायला शिकायचंय. पुस्तक एकच सांगतो, ह्यूगार्ड आणि ब्राउ यांचं 'द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक'. जुनं आहे, इंग्रजी थोडं अवघडलेलं आहे. पण पहिलं प्रकरण साध्या हातातल्या हातात पिसण्याचं आहे, आणि ते तू गाळशील म्हणूनच सांगतोय, गाळू नकोस. अर्ड्नेसचं १९०२ चं 'द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल' सगळेच सुचवतात. ते पाच वर्षांनी उघड.

चाळीसपैकी तीन ट्रिक्स ठेव. पहिली अशी, की लोकांसमोर तोंड उघडायच्या आधीच तिचं चोरटं काम झालेलं असेल. मधली खुणेच्या पत्त्याची. शेवटी डबल लिफ्ट, तोवर हात शांत झालेले असतात. याच तीन, याच क्रमाने, तीस वेगवेगळ्या माणसांना दाखव. वॉचमन, सलूनवाला, मामी, कुणीही. प्रत्येक वेळी घरी येऊन दोन ओळी लिही, कुठे हसले आणि कुठे हाताकडे बघितलं. हाताकडे बघितलं त्या जागी एक प्रश्न घाल. माणसाला प्रश्न विचारला की तो तोंडाकडे बघतो.

आणि एक किंमत मोजावी लागते ती आत्ताच ऐकून ठेव. तुला पत्ते 'येतात' हे एकदा कळलं की दिवाळीच्या तीन पत्तीत तुला कुणी बसवत नाही. मी गेली वीस वर्षं चहा करतो.

त्या मावसभावाचं मात्र काम आहे. पुढच्या वेळी तो येईलच, आणि या खेपेला आणखी जवळ बसेल. सुरुवातीलाच कॅट त्याच्या हातात दे. मोजून घे म्हणावं, तपासून घे. मग पत्ता दुसऱ्या कुणालातरी काढायला लाव, आणि काटून झालेला कॅट दोन्ही तळहातांत दाबून धरायचं काम त्याला दे. राखणदाराला चोरी करता येत नाही, आणि कॅट आपल्या हातातून हलला नव्हता हे सगळ्या नातेवाइकांना तोच सांगत फिरेल.