कोकणात इंग्लिश गुलाब जगेल का?

प्रश्न : ताई, गुहागरला समुद्राजवळ घर आहे. गुलाबाच्या नव्या जाती तयार करणाऱ्या इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिनचे इंग्लिश गुलाब लावायचेत, पण पावसात आमचा साधा गुलाबही काळे ठिपके पडून पानं टाकतो. काय करू?

उत्तर : अहो लावा की, फक्त जात बघून घ्या! खूप गच्च पाकळ्यांची कळी आपल्या दमट हवेत उमलायच्या आधीच कुजते, म्हणून कमी पाकळ्यांची जात बरी. त्यांचाच १९८३ चा पिवळा गुलाब ‘ग्रॅहम थॉमस’ उष्ण हवेत चांगला वाढतो, पण इंग्लंडपेक्षा बराच उंच जातो हं, जागा ठेवा. जांभ्याच्या जमिनीत थेट नको, मोठी कुंडी घ्या, माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट, आणि पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखाली अजिबात नको, पडवीच्या कडेला जिथे ऊन मिळेल पण पानं भिजणार नाहीत तिथे सरकवा, निम्मा रोग तिथेच थांबतो. गळलेली पानं रोज उचला. खारा वारा थेट लागू देऊ नका. छाटणी इंग्लंडसारखी जानेवारी-फेब्रुवारीत नाही, तिथे थंडीत झाड झोपतं, आपल्याकडे झोपतच नाही, म्हणून पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात, आणि हलकीच. मग थंडीत बघा कसा वास येतो, मला तर त्या वासासाठीच हे सगळं करावंसं वाटतं.